एकशे एकोणसत्तर

सोमवारी संध्याकाळी मिरजेहून माझ्या वडिलांचा, अण्णांचा फोन आला तेव्हा मी ओट्याशी उभी होते. एका शेगडीवर कुकर, दुसरीवर फोडणीत टाकलेली मेथी, आणि मोबाइल कान आणि खांद्याच्या मध्ये दाबून धरलेला. मोबाइलवर नेट चालतंय, कॉम्प्युटरवर मात्र सकाळपासून येत नाही, असं ते म्हणाले. आमच्या घरातलं हे खातं माझ्याकडं आहे. मी या विषयात शिकलेली नाही, एका कारखान्याच्या हिशेब विभागात काम करते, पण वीसेक वर्षं स्वतःच्या आणि नातेवाइकांच्या मशिनांशी झटून जे हाताला लागलं त्यावर भागतं. मोबाइलवर नेट चालतंय म्हणजे राउटर ठीक आणि बिघाड कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये, हे मी मेथी परतता परतताच ठरवून टाकलं. 'टेबलावरच्या त्या छोट्या डबीवर दिवा लागलाय ना?' मी विचारलं. 'एक लागलाय,' अण्णा म्हणाले. मला तेवढं पुरलं. मग त्यांना काळी खिडकी उघडायला लावली, 'आयपीकॉन्फिग' हा शब्द एकेक अक्षर सांगून टाइप करून घेतला आणि म्हटलं, आता आयपीव्ही-फोर ॲड्रेसपुढं, म्हणजे मशिनच्या नेटवर्कवरच्या पत्त्यापुढं, जो आकडा आहे तो वाचा.

अण्णा आकडे सावकाश वाचतात. प्रत्येक आकड्यानंतर जरासे थांबतात, समोरचा माणूस लिहून घेतोय असं धरून. 'त्याच्या आधी ऑटोकॉन्फिगरेशन असा शब्द आहे,' ते म्हणाले. 'एकशे एकोण...' आणि इथंच मी त्यांना तोडलं. 'अण्णा, एकशे ब्याण्णव असेल. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट. सगळ्यांच्या घरी तेच असतं. चष्मा लावलाय ना?' पलीकडं क्षणभर शांतता. मागं पंख्याची घरघर ऐकू येत होती. मग ते म्हणाले, 'बरं.' सबनेट मास्क विचारला तर म्हणाले, दोनशे पंचावन्न टिंब दोनशे पंचावन्न टिंब शून्य टिंब शून्य. मी मनात म्हटलं, एक दोनशे पंचावन्न गाळला. डिफॉल्ट गेटवे विचारला तर म्हणाले, 'त्याच्यापुढं काही नाही. रिकामं आहे.' मला वाटलं, ओळ चुकली. मग मी पुढचा सगळा कार्यक्रम पाठ म्हटल्यासारखा सांगितला. नेटवर्कच्या खिडकीत जा, इथरनेटवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, तिथली आयपीव्ही-फोरची ओळ, आणि पत्ता आपोआप घेण्याऐवजी हातानं भरायचा. १९२.१६८.१.२०. मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे १९२.१६८.१.१. खाली डीएनएसमध्ये चार वेळा आठ. त्यांनी भरलं. नेट आलं नाही. राउटरला पिंग करायला, म्हणजे हाक देऊन उत्तर येतं का ते बघायला लावलं तर इंग्रजीतली ओळ त्यांनी शब्द न शब्द वाचून दाखवली, डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, आणि म्हणाले, 'ज्याला पाठवायचंय तो सापडत नाही, असं म्हणतोय. पण एक आहे गं, हे उत्तर आपल्याच पत्त्यावरून येतंय. शेवटी वीस आहे.' तोवर कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. 'राहू दे अण्णा, शनिवारी येते मी,' असं म्हणून मी फोन ठेवला.

ते 'बरं' काही केल्या माझ्या कानातून जाईना.

का, हे कळायला मला गुरुवार उजाडावा लागला. तोवर आपण वडिलांशी जरा तुसडेपणानं बोललो, एवढंच खुपत होतं, आणि ते नेहमीचंच. म्हातारपणी आईवडील फोनवर काहीतरी विचारतात, आपण घाईत असतो, आवाज चढतो, मग रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवतं. पण या वेळी आठवत होता तो आवाज चढल्याचा क्षण नव्हता. आठवत होता तो अर्धाच उच्चारलेला आकडा. एकशे एकोण. आपल्या मराठीत आकड्यांची ही एक रीत आहे, पुढच्या दशकाचं नाव घ्यायचं आणि त्याला एक उणा लावायचा. एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणसत्तर. हिंदीतही उनसठ, उनहत्तर आहेतच. ऐकणाऱ्याला शेवटपर्यंत ऐकावं लागतं, 'एकोण' कळून काहीच कळत नाही, त्याच्या पुढं कोण येतंय त्यावर सगळं अवलंबून. लहानपणी पाढे म्हणताना मी एकोणसत्तर ऐकून सातावर नऊ लिहायची. अण्णा पाटीवर बोट ठेवून म्हणायचे, 'सत्तर व्हायला एक कमी आहे. अजून साठीतच आहेत.' २०१९ साली दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर एक' अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझ्या मुलीला तर एकोणसत्तर म्हटलं की आधी मनात सिक्स्टी नाइन करावं लागतं. मी मात्र त्या एकोणच्या पुढं ऐकायला थांबलेच नाही.

सगळ्यांच्या घरी एकशे ब्याण्णवच असतं, हे मी म्हटलं त्यात खोटं फारसं नव्हतं. इंटरनेटवरचा जुन्या पद्धतीचा पत्ता म्हणजे चार आकडे, प्रत्येक शून्य ते दोनशे पंचावन्न, मध्ये तीन टिंबं. ही रचना १९८१ सालची. सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते होतात. त्या काळी ते न संपणारे वाटले असतील. पण घरोघरी मशिनं आली, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये जगाच्या मध्यवर्ती कोठारातले पत्त्यांचे शेवटचे गठ्ठे वाटून झाले. त्याच्या बरंच आधी, १९९६ साली, काही पत्ते घरगुती वापरासाठी म्हणून राखून ठेवलेले होते. दहानं सुरू होणारे, एकशे बहात्तरमधले काही, आणि एकशे ब्याण्णव टिंब एकशे अडुसष्टनं सुरू होणारे. हे कुणीही आपल्या घरात वापरावेत, बाहेरच्या रस्त्यावर ते चालत नाहीत. म्हणून माझ्या कोथरूडच्या घरातल्या लॅपटॉपचा आणि मिरजेतल्या एखाद्या सतारमेकरांच्या दुकानातल्या कॉम्प्युटरचा पत्ता अगदी एकसारखा असू शकतो आणि दोघांची गाठ कधी पडत नाही. बाहेर जाताना राउटर आपला पत्ता लावून पाठवतो, उत्तर आलं की आत कुणाचं आहे ते बघून देतो. वाड्यात राहिलेल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. पत्र यायचं ते वाड्याच्या नावानं, आणि जोत्यावर बसलेलं कुणीतरी ओरडायचं, माडीवरच्यांचं आलंय गं.

मी हे अण्णांना एकदा सांगितलं होतं, पहिला कॉम्प्युटर घरात आला त्या वर्षी. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, 'मग त्या मास्कचं काम काय?' मी म्हटलं, पत्त्यातला कुठपर्यंतचा भाग आपल्या आळीचा आणि कुठून पुढं घरनंबर, हे तो सांगतो. समोरचा आपल्याच आळीतला असेल तर थेट त्याच्या दारात, नसेल तर गेटवेकडं, म्हणजे राउटरकडं द्यायचं, ते बघून घेतील. अण्णांचा चेहरा उजळला. 'हा तर पिन आहे,' ते म्हणाले. 'पहिले तीन बघायचे. आपले चारशे सोळा असतील तर इकडं, नाहीतर बाहेरच्या थैलीत.'

त्यांनी असं म्हणणं साहजिकच होतं. अण्णा १९७३ साली आर.एम.एस.मध्ये, म्हणजे टपाल खात्याच्या रेल्वे शाखेत, जिथं धावत्या गाडीतही पत्रं गावांप्रमाणे लावायचे, तिथं लागले आणि सॉर्टर म्हणूनच निवृत्त झाले. पिनकोड सुरू होऊन तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं, तो १५ ऑगस्ट १९७२ चा. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर टपाल खात्यातले मोठे अधिकारी, आपले मराठी, आणि संस्कृतचे कवी. अण्णा हे नाव नेहमी पूर्ण घेतात. सहा आकड्यांत पहिला विभाग सांगतो, महाराष्ट्र आणि गोव्याचा चार, पहिले तीन मिळून वर्गवारीचा जिल्हा, शेवटचे तीन वाटप करणारं टपाल कार्यालय. मिरज ४१६४१०, सांगली ४१६४१६. पण लोकांच्या हाताला हे वळण पडायला वर्षं गेली. सुरुवातीची कितीतरी वर्षं पाकिटांवर नुसतं मु. पो. वडगाव एवढंच असायचं, आणि वडगावं तर जिल्ह्याजिल्ह्यांत पडलेली. तालुका लिहिलेला असला तर नशीब. तो नसला तर अक्षराच्या वळणावरून, पाठवणाऱ्याच्या गावावरून, आडनावावरून हे वडगाव कोणतं ते ताडायचं, तेही हलत्या डब्यात, रात्री दोन वाजता.

मी आठ वर्षांची असेन. आई बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि घरी मला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून अण्णांनी एका रात्री मला स्टेशनातल्या त्यांच्या ऑफिसात नेलं. डब्यात न्यायला परवानगी नव्हतीच. मिरज जंक्शनचा तो रात्रीचा वास अजून नाकात आहे, कोळशाचा, चहाचा, ओल्या तरटाचा, आणि आत शिरलं की लाख वितळल्याचा. थैल्यांची तोंडं सुतळीनं बांधून त्यावर लाल लाख ओतायची आणि वर शिक्का दाबायचा. भिंतीला लागून लाकडी खणांची उभी मांडणी होती, माझ्या डोक्यावर दीड हात उंच, प्रत्येक खणाखाली खडूनं गावाचं नाव. अण्णांच्या डाव्या हातात पत्रांचा गठ्ठा, अंगठा वरच्या पाकिटावर, आणि उजवा हात खणांकडं जाऊन परत. बघत नव्हते असं वाटायचं. हात आधी निघायचा, तोंड मागून गाव पुटपुटायचं. कवठे महांकाळ. जत. तासगाव. जयसिंगपूर. मध्येच हात थांबला. त्यांनी एक कार्ड दिव्याजवळ नेलं, तिरकं धरलं, पालथं केलं, पुन्हा सुलटं केलं. 'काय झालं?' मी विचारलं. 'पाच आहे का सहा आहे, बघतोय,' ते म्हणाले. मला वाटलं, काहीतरी टाकून द्या की, एवढी पत्रं पडलीत. ते मात्र भिंग आणायला उठले.

चुकीच्या खणात पडलेलं पत्र दोन दिवस भलत्या गावी फिरून यायचं, आणि परत आल्यावर त्यावर 'मिसेंट'चा शिक्का असायचा. तो शिक्का आपल्या हातच्या पत्रावर दिसला की अण्णांना त्या दिवशी जेवण जायचं नाही, असं आई सांगायची. सदतीस वर्षं या माणसानं परक्यांच्या अक्षरातले आकडे वाचले, आणि सोमवारी मी त्याला विचारलं, चष्मा लावलाय ना.

गुरुवारी दुपारी आमच्या ऑफिसात पलीकडच्या टेबलावरच्या बाईंचं मशिन नेटवरून गेलं. खालच्या मजल्यावरून देखभाल करणारा मुलगा आला, तिच्या खुर्चीमागं वाकून उभा राहिला, काळी खिडकी उघडली आणि दोन सेकंदांत म्हणाला, 'वन सिक्स्टी नाइन आलाय. ह्याला कुणी पत्ताच दिला नाही मॅडम, ह्यानं स्वतःच घेतलाय.' मी समोरची पावती तशीच हातात धरून बसले. सिक्स्टी नाइन. एकोणसत्तर. उठून त्याच्या मागं जाऊन पाहिलं. ऑटोकॉन्फिगरेशन आयपीव्ही-फोर ॲड्रेस, १६९.२५४ आणि पुढं आणखी दोन आकडे. सबनेट मास्क २५५.२५५.०.०. डिफॉल्ट गेटवेपुढं रिकामं. अण्णांनी वाचलं होतं ते सगळं, त्याच क्रमानं, माझ्यासमोर पडद्यावर होतं. हातपाय गार पडले.

त्या मुलाला मी दहा मिनिटं सोडलं नाही, आणि घरी येऊन रात्री आणखी वाचत बसले. कॉम्प्युटर सुरू झाला की त्याला स्वतःचा पत्ता ठाऊक नसतो. तो सगळ्या नेटवर्कला उद्देशून हाक देतो, मला पत्ता देणारं इथं कुणी आहे का. राउटरमध्ये बसलेला एक कारकून, डीएचसीपी म्हणतात त्याला, ती ऐकतो आणि म्हणतो, हा अमुक पत्ता मोकळा आहे, घेतोस का. मशिन म्हणतं, घेतो. तो म्हणतो, दिला. एवढी चार वाक्यं, डोळ्याचं पातं लवायच्या आत. पत्ता कायमचा नसतो, मुदतीचा असतो, त्याला लीजच म्हणतात. अर्धी मुदत सरली की मशिन आपणहून जाऊन वाढवून मागतं. पुण्यात पहिली नऊ वर्षं मी अकरा महिन्यांच्या करारांवर काढली, दर वेळी नवव्या महिन्यापासून मालकांच्या चेहऱ्याकडं बघत. मला ते वाढवून मागणं फार जवळचं वाटलं. पण हाक दिली आणि कुणी उत्तरच दिलं नाही तर? मशिन पुन्हा हाक देतं, थांबतं, पुन्हा देतं. शेवटी, अशाच प्रसंगासाठी राखून ठेवलेला जो १६९.२५४ चा पट्टा आहे, त्यातला एक पत्ता ते स्वतःच उचलतं. उचलण्याआधीही विचारतं, हा कुणाचा आहे का. कुणी हो म्हणालं नाही की तो आपला म्हणून बसतं. त्या पत्त्यावरून राउटरपर्यंतही जाता येत नाही. पण पडद्यावर तो आकडा दिसतो, आणि ज्याला वाचता येतं त्याला तो स्वच्छ सांगतो की माझ्यात बिघाड नाही, माझी हाक कुठंतरी वाटेत अडली आहे, वायर बघा.

आणि मी काय केलं होतं? त्या मशिनला हातानं पत्ता भरायला लावून त्याचं ते सांगणंच पुसून टाकलं होतं.

स्वारगेटहून शनिवारी सकाळच्या एसटीनं निघाले. सातारा, कराड, पेठ नाका, दोन्ही बाजूंना तोडणीला आलेला ऊस. दिवाळीच्या आधी घराला रंग दिलेला होता, दार उघडताच तेलरंगाचा वास आला. अण्णा पंचाहत्तरीत आहेत, पण सोफ्यावर बसून वाट बघणारे नाहीत, ते वर कॉम्प्युटरच्या खोलीत होते. चहा घ्यायच्या आत मी खुर्चीत बसले, सेटिंगमध्ये जाऊन सोमवारचे सगळे आकडे काढले आणि पत्ता आपोआप घेण्याचा गोल पुन्हा निवडला. काळ्या खिडकीत विचारलं. मिनिटभरानं आकडा आला. १६९.२५४.१७३.९८. कीबोर्डच्या शेजारी अण्णांची लांबट वही पडली होती, पेन्शनपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं ते तीत लिहितात. सोमवारच्या तारखेखाली निळ्या शाईत, टाइपासारख्या अक्षरात लिहिलं होतं: 'सायं. ७.४०. पत्ता १६९.२५४.१७३.९८. मास्क २५५.२५५.०.०. गेटवे निरंक.' त्याच्याखाली एक ओळ सोडून: 'सायं. ७.५५. मुलीने सांगितल्याप्रमाणे बदल केला. १९२.१६८.१.२०. उपयोग नाही.'

तोच आकडा. शेवटच्या अठ्ठ्याण्णवपर्यंत तोच. स्वतः उचललेला हा पत्ता मशिन आपल्या कार्डाच्या जन्मनंबरावरून ठरवतं, म्हणून बहुधा दर वेळी तोच येतो, हे मी गुरुवारी रात्री वाचलं होतं. पण अण्णांनी तो आकडा माझ्या एकशे ब्याण्णवनंतरही खोडला नव्हता. 'बरं' म्हणाले होते आणि आधी लिहिलेलं तसंच राहू दिलं होतं. 'अण्णा,' मी म्हटलं, 'सोमवारी तुम्ही बरोबर वाचत होता.' ते मागं उभे होते. 'हो,' ते म्हणाले, 'एकशे एकोणसत्तरच होतं.' 'मग तेव्हाच ठासून का नाही सांगितलंत?' यावर ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, 'तू घाईत होतीस. आणि म्हटलं, तुला माहिती असेल.' यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर मला सोपं गेलं असतं.

वायरीच्या मागं मागं आम्ही दोघं खाली आलो. वरच्या खोलीतल्या छोट्या डबीतून, स्विच म्हणतात ती, एक वायर कॉम्प्युटरला जाते आणि एक जिन्याच्या कडेनं खाली हॉलमध्ये राउटरला. कॉम्प्युटरच्या वायरीचा दिवा लागत होता, म्हणून मशिनला वाटत होतं की आपण जोडलेले आहोत. दुसरा दिवा विझलेला होता. 'एक लागलाय' म्हणजे दोनातला एकच लागलाय. रंगकामासाठी राउटर कोनाड्यातून काढून कपाटावर ठेवला होता, परत ठेवताना वायर ताणली गेली होती, आणि तिच्या टोकाच्या पारदर्शक प्लगची ती इवलीशी जीभ, जी आत गेल्यावर टक्‌ वाजते आणि धरून ठेवते, ती केव्हाच मोडलेली होती. प्लग खाचेत बसल्यासारखा दिसत होता. बोट लावलं तर हातात आला.

कोपऱ्यावरच्या दुकानातला मुलगा नवा प्लग आणि दाबायचं हत्यार घेऊन आला. अण्णांनी त्याच्यासाठी टेबललॅम्प खाली आणला, आणि तो जमिनीवर मांडी घालून बसला तसे तेही शेजारी मोड्यावर बसले. वायरीचं करडं कातडं दोन बोटं सोललं की आत एकमेकांना पिळ घातलेल्या चार जोड्या निघतात. मुलानं पीळ उलगडले, आठ तारा नखानं सरळ केल्या, कंगव्याच्या दातांसारख्या शेजारी शेजारी लावल्या. नारिंगी पट्ट्याची पांढरी, नारिंगी, हिरव्या पट्ट्याची पांढरी, निळी, निळ्या पट्ट्याची पांढरी, हिरवी, तपकिरी पट्ट्याची पांढरी, तपकिरी. अण्णा चष्मा कपाळावर सरकवून अगदी जवळून बघत होते. मुलगा प्लग चढवणार एवढ्यात ते म्हणाले, 'थांब. हिरव्याची जोडी फुटली. मध्ये निळ्या दोन आल्या.' मुलगा म्हणाला, 'तसंच असतं आजोबा, क्रमच तसा आहे.' माझ्या तोंडाशी आलं होतं, अण्णा, करू द्या त्याला. मी गप्प बसले. अण्णांनी विचारलं, 'का?' मुलाला माहीत नव्हतं. मी मोबाइलवर शोधून वाचलं. मधल्या दोन जागा पूर्वीपासून टेलिफोनच्या जोडीच्या, ती जोडी तिथंच ठेवायची म्हणून हिरवी दोन बाजूंना बसवली. 'म्हणजे जुन्या रहिवाशाला उठवायचं नाही,' अण्णा म्हणाले आणि समाधानानं मागं टेकले. मुलानं तारांची टोकं एका रेषेत कापली, प्लगमध्ये सरकवली, उजेडाकडं धरून आठही टोकं शेवटपर्यंत पोचलीत का ते पाहिलं. मग प्लग त्यानं आधी अण्णांकडं दिला. त्यांनीही उजेडाकडं धरून, तिरका करून, एकेक रंग पुटपुटत पाहिला. 'आहेत आठ,' म्हणाले. मुलानं हत्यारानं दाबलं. राउटरच्या खाचेत तो टक्‌ वाजून बसला.

आम्ही वर आलो. डबीवर दोन दिवे होते, दुसरा थरथरत होता. मी खुर्ची ओढून अण्णांना पडद्यासमोर बसवलं आणि त्यांची वही घेऊन खिडकीजवळच्या पलंगावर बसले, जिथून पडदा दिसत नाही. खाली रस्त्यावरून कुणीतरी तंबोऱ्याचा भोपळा हातगाडीवर घालून नेत होतं. आज तारीख काय ते विचारलं, ती लिहिली, घड्याळात बघून वेळ लिहिली. 'वाचा अण्णा,' मी म्हटलं.

त्यांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला. 'या वेळी तो ऑटोचा लांब शब्द नाही,' ते म्हणाले. मी लिहिलं, ऑटोचा शब्द नाही. 'एकशे ब्याण्णव,' ते म्हणाले आणि थांबले. मी आकडा लिहिला आणि मान वर करून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी पडद्यावरची नजर काढली नव्हती. 'टिंब,' मी म्हटलं. 'टिंब,' ते म्हणाले, 'एकशे अडुसष्ट. टिंब. एक. टिंब. सात.' मास्कमधले तिन्ही दोनशे पंचावन्न त्यांनी वेगवेगळे म्हटले. मग गेटवेच्या ओळीशी आले, आणि खुर्चीत जरासे पुढं वाकले.